सहा मिनिटं अधिक अर्धा तास

कोणत्याही दोन विमानतळांची नावं द्या, त्यांच्यातलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे तक्ते हल्ली फुकट मिळतात. बारामती आणि पुण्याचं लोहगाव ही जोडी घातली तर हिशेब असा लागतो : सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर, वेळ ३६ मिनिटं. या ३६ मिनिटांच्या पोटात डोकावलं तर आत दोनच गोष्टी सापडतात. एक म्हणजे ८० किलोमीटरला ताशी ८०० ने भागून आलेली सहा मिनिटं. दुसरी म्हणजे विमानाच्या चढण्या-उतरण्यासाठी सरसकट धरलेला अर्धा तास. आहेराच्या पाकिटात एकशे एकातला वरचा रुपया असतो, तसा हा अर्धा तास. फरक इतकाच, की इथे वरचा रुपया मूळ रकमेच्या पाचपट आहे. शिवाय ताशी ८०० चा वेग जेट विमानाला भरपूर उंचावर गेल्यावर मिळतो आणि तितकं वर जायलाच त्याला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. म्हणजे तक्त्याचा शब्द राखायचा ठरवलं तर बारामतीहून निघालेल्या विमानाला लोहगाव मागे टाकून, लोणावळ्याचा घाट ओलांडून, कर्जतच्या आसपास कुठेतरी हवा तो वेग सापडेल. मग परत फिरून उतरायचं. आणि हे सगळं सोडा, गोजुबावी-कटफळच्या बाजूच्या त्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणारी मुलं-मुली असतात. तिथून तिकीट काढून लोहगावला जावं असं रोजचं विमान मुळात नाही. तक्त्याला त्याचं सोयरसुतक नाही. मुलगा पाहिलेला नाही, मुलगी पाहिलेली नाही, पण पत्रिका मात्र छत्तीसच्या छत्तीस गुणांनी जुळली.

माझं म्हणणं असं, की दोन विमानतळांमधलं अंतर हा प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी आकडा आहे, कारण विमानतळावर कोणी राहत नाही. माणूस राहतो निमगाव केतकीला. इंदापूर तालुक्यातलं हे गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या पानमळेवाल्याला दिल्लीला जायचं आहे असं धरू. तक्ता पुणे-दिल्लीचं सरळ अंतर १२०० किलोमीटरच्या आत दाखवतो आणि वेळ दोन तासांच्या अलीकडे. विमान प्रत्यक्षात सव्वादोन तासांच्या आसपास घेतं. तेवढ्यावर मी भांडत नाही. पण निमगावहून लोहगावला पोचायचं म्हणजे आधी महामार्ग गाठा, भिगवण, पाटस, यवत, लोणी काळभोर अशी गावं मोजत हडपसरला या, आणि तिथून पुढे गावं मोजणं सोडून सिग्नल मोजा. साडेतीन तास धरा. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून विमान कंपनी दोन तास आधी या म्हणते. दोन तास आधी पोचायचं म्हणून घरचे वडीलधारे ‘एक तास हातात ठेव’ म्हणतात. हा हातातला तास मोठा विलक्षण पदार्थ आहे. तो कोणत्याच वेळापत्रकात नसतो, पण त्याच्याशिवाय कोणी निघत नाही. आणि वाटेत कशालाही खर्ची पडला नाही, तर विमानतळावरच्या दीडशे-दोनशे रुपयांच्या चहात पडतो. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग यायची, मग दिल्लीची रहदारी. बेरीज दहा तासांच्या घरात जाते, त्यात आकाशात काढलेले सव्वादोन. भाकरीपेक्षा तोंडीलावणंच जास्त.

आता या हिशेबात विमानाचा वेग दुप्पट करून पाहा. दुप्पट वेगाची विमानं माणसाने बांधली नाहीत असं नाही. काँकॉर्ड विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. १९७६ पासून २००३ पर्यंत त्याने प्रवासी वाहिले. ते आपल्या पानमळेवाल्यासाठी आणून ठेवलं तरी त्याच्या दहा तासांतला एखादा तास वाचेल. तेवढाच तास हडपसरचा रस्ता मोकळा मिळाला तर वाचतो, आणि त्यासाठी आवाजाची भिंत ओलांडावी लागत नाही, मगरपट्ट्याचा चौक ओलांडला तरी पुरतो. दोन्हींतलं सोपं कोणतं, हे मात्र मी सांगणार नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल. तक्ता कुठे म्हणतो की मी घरापासून घरापर्यंतचा वेळ सांगतो? तो बिचारा सरळ रेषेतलं अंतर सांगतो, आणि वैमानिकाला, इंधन भरणाऱ्याला, भाडं ठरवणाऱ्याला त्याचा उपयोग असतो. हे खरं आहे. अंतराच्या रकान्याशी माझं काही वैर नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग काढणं हे सुंदर गणित आहे. भांडण शेजारच्या रकान्याशी आहे. ‘प्रवासाचा वेळ’ हे शब्द प्रवाशासाठी असतात. वैमानिक वारा पाहतो, वजन पाहतो, स्वतःचा वेळ स्वतः काढतो, त्याला कोणाच्या अर्ध्या तासाची भीक नको. आणि विमानाचं अंतर जितकं कमी, तितका हा रकाना जास्त खोटा पडतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांत नियमित विमान चालतं. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे ‘चालत जाऊ की, रिक्षा कशाला’ म्हणण्याइतकं. उड्डाण दीड-दोन मिनिटांचं, आणि अनुकूल वाऱ्यावर ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. तक्त्याच्या सूत्राने तिथे बारा सेकंद येतात, अधिक अर्धा तास. मूळ रक्कम बारा आणे आणि वरचा रुपया शंभर, असा हा आहेर.

आपल्या पूर्वजांकडे उपग्रह नव्हते, पण एवढी चूक त्यांनी केली नाही. मराठीत अंतर आणि वेळ एकाच शब्दात बांधून ठेवायची सोय होती. मजल म्हणजे किती कोस? सांगता येत नाही. माणूस आणि जनावर दिवसभरात जितकं चालून मुक्कामाला पोचेल ती मजल. चिखल असेल तर मजल आखूड, उघडीप असेल तर लांब. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणताना हाक कोणाची हे विचारायचं नसतं, पण मधे ओढा खळखळत असेल तर हाक कमी पोचते हे गृहीत असतं. खेड्यातला म्हातारा ‘हे काय, इथंच’ म्हणतो तेव्हा शहरी माणूस त्याला हसतो आणि चार किलोमीटर चालल्यावर शिव्या देतो. पण म्हातारा खोटं बोललेला नसतो. त्याच्या हिशेबात त्या चार किलोमीटरला काही अडत नाही, म्हणून ते ‘इथंच’ आहे; आणि तहसील कचेरी दोन किलोमीटरवर असली तरी ती लांब आहे, कारण तिथे तीनदा जावं लागतं.

या मजलेचा आजही चालू असलेला पुरावा बारामती ते इंदापूर याच रस्त्यावर आहे. रस्त्याने हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. मोटारीने तास-सव्वा तास. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते ती सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत तिसऱ्या दिवशी इंदापुरात येते. एखाद्या वर्षी अंथुर्ण्याचा मुक्काम वाढला तर चौथ्या. वाटेत काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्या पालखीभोवती फिरवतात. बेलवाडीला गोल रिंगण होतं. टापांनी माती उडवत अश्व रिंगण घेतो, कडेला उभी माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, आणि इतकं धावून अश्व येतो कुठे, तर जिथून निघाला तिथेच. तक्त्याला विचारलं तर त्या अश्वाने कापलेलं अंतर शून्य किलोमीटर. वेळ अर्धा तास, कारण तो अर्धा तास काही केल्या सुटत नाही. तीन दिवसांत पन्नास किलोमीटर म्हणजे ताशी एक किलोमीटरही नाही. पण वारीतल्या कोणी उशीर झाल्याची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, कारण त्यांनी वेळ अंतराला भागून काढलेला नाही, पंचांग पाहून काढलेला आहे.

वारी हा भक्तीचा विषय, रोजच्या जाण्यायेण्याला तो दाखला कसा चालेल, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, देव बाजूला ठेवू आणि ऊस घेऊ. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की याच रस्त्याचा वेळ बदलतो. अंतर तेच, टाररोड तोच, मैलाचे दगड हललेले नाहीत. फक्त समोर एक ट्रॅक्टर आहे, त्याला दोन ट्रॉल्या जोडलेल्या आहेत, दोन्हींतून ऊस रस्त्याच्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला आहे. मागचा लाल दिवा असलाच तर पाचटाखाली आहे. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणं चालू असल्यामुळे हॉर्नचा उपयोग गाण्याला साथ देण्यापुरताच. त्याला ओलांडावं तर समोरून त्याचाच भाऊ रिकाम्या ट्रॉल्या उडवत भवानीनगरहून परत येत असतो. मार्गशीर्षातला आणि श्रावणातला बारामती-इंदापूर रस्ता हे माझ्या मते दोन वेगळे रस्ते धरावेत आणि त्यांना दोन वेगळे क्रमांक द्यावेत. त्यातच बैलगाड्या असतात, आणि त्यांना घाई कसली? कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतची रांग गाडीवानाला ठाऊक असते. विमानाच्या हिशेबात जे लोहगावला घडतं तेच इथे गव्हाणीवर घडतं : प्रवास संपतो आणि वाट पाहणं सुरू होतं.

याच रस्त्याला, वालचंदनगरला वळायच्या ठिकाणी, एका गावाचं नाव जंक्शन आहे. तिथे रेल्वे नाही. रूळ नाहीत, फलाट नाही, ‘यात्रीगण कृपया’ नाही. रस्ते फुटतात म्हणून जंक्शन. एसटीचा कंडक्टर ‘जंक्शनवाले उतरा’ म्हणतो आणि कोणालाही त्यात विनोद वाटत नाही. मला त्यातलं शहाणपण आवडतं. स्टेशन नसलं म्हणून काय झालं, जिथे माणसं गाडी बदलतात ते जंक्शन. या न्यायाने जिथे उडणारे उतरतात तो विमानतळ, आणि तसा एक इंदापूर तालुक्यात आहे. त्याच्याकडे शेवटी येतोच.

त्याआधी वालचंदनगरला वळायला हवं, कारण तिथे आपल्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. हे नगर ज्यांच्या नावाचं, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा भारतातला पहिला विमान कारखाना काढला. म्हणजे विमानतळ नसलेल्या इंदापूर तालुक्याचा विमानांशी संबंध पुष्कळ विमानतळांपेक्षा जुना आहे. पुढे वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांसोबत इस्रोच्या रॉकेटांचे भागही घडू लागले. आता त्या रॉकेटांचा हिशेब आपल्या तक्त्याने करू. पृथ्वी ते चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर. ताशी ८०० ने भागलं की ४८० तास, म्हणजे बरोबर वीस दिवस, अधिक अर्धा तास. प्रत्यक्षात काय झालं? १९६९ मध्ये अपोलो ११ हे यान १६ जुलैला निघालं आणि २० जुलैला चंद्रावर उतरलं : चार दिवस. आपलं चंद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं : चाळीस दिवस. निघायचं ठिकाण तीच पृथ्वी, पोचायचं तो चंद्र तोच. अमेरिकेकडे अजस्र रॉकेट होतं, ते जवळजवळ थेट निघून गेलं. आपल्या रॉकेटची ताकद बेताची, म्हणून यान आधी पृथ्वीभोवती फिरलं, प्रत्येक फेरीला वर्तुळ लांबवत नेलं, मग चंद्राकडे झेपावलं, तिथेही फेऱ्या घालत घालत खाली आलं. बेलवाडीच्या भाषेत सांगायचं तर आधी रिंगण, मग मजल, मग पुन्हा रिंगण. आणि या फेऱ्यांत ते कधीकधी ताशी तीस हजार किलोमीटरहून जास्त वेगाने पळत होतं. म्हणजे विमानाच्या तीस-चाळीसपट वेग गाठूनही वेळ विमानाच्या दुप्पट. अंतर आणि वेग हातात असले की वेळ आपोआप मिळतो, हे सहावीच्या पुस्तकातलं गणित वालचंदनगरच्या रॉकेटाने इतकं मोडीत काढल्यावर लोहगावच्या ३६ मिनिटांवर कोणी विश्वास का ठेवावा?

बारामतीकरांना तर हे फार आधी कळायला हवं होतं. अठराव्या शतकात याच गावात राहून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली. अयोध्या तीच, लंका तीच, आणि जायचे मार्ग एकशे आठ. शिवाय मूळ कथेतच मेख आहे : जायला वनवासाची चौदा वर्षं, यायला पुष्पक विमान. तेही थेट नव्हतं. वाटेत भरद्वाजांच्या आश्रमात थांबा होता, आणि आपण येत असल्याची वर्दी द्यायला हनुमानाला पुढे पाठवावं लागलं.

आता शेवटचा आणि जरा वजनदार आक्षेप. तुम्ही नुसती थट्टा करता, पण सुधारणा होते आहेच की! पालखी मार्ग रुंद झाला. सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि इंदापूरकराला पुण्यापेक्षा सोलापूर रस्त्याने जवळ पडतं. पुरंदरला नवा विमानतळ होईल. मग तुमचा पानमळेवाला दहाच्या जागी सात तासांत दिल्लीला पोचेल. हे मी नाकारत नाही. ज्याला रात्री-अपरात्री पेशंट घेऊन पुणे गाठायचं आहे त्याला वाचलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत माहीत असते, आणि तिथे थट्टेला जागा नाही. पण यातली प्रत्येक सुधारणा उंबऱ्यापासून विमानतळापर्यंतची आहे, विमानतळापासून विमानतळापर्यंतची नाही. म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. राहता राहिला पुरंदर. २०१६ मध्ये ती जागा जाहीर झाली तेव्हापासून तिथल्या सात गावांत जमिनी देण्या-न देण्यावरून वाद आहे. धावपट्टीचा पत्ता नसतानाच त्या विमानतळापासूनचं अंतर मात्र कधीचं वापरात आलं. प्लॉटच्या जाहिराती पाहा : ‘नियोजित विमानतळापासून फक्त २० मिनिटं’. किलोमीटर कोणी लिहीत नाही, कारण किलोमीटर मोजायला मोजणीदार आणता येतो. मिनिटाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवता येत नाहीत. कोणत्या वाहनाने, किती वाजता, उसाच्या हंगामात की एरवी, हे गिऱ्हाईकाने विचारायचं नसतं. अजून न बांधलेल्या रस्त्यावरून, अजून न बांधलेल्या विमानतळाला वीस मिनिटांत पोचवणाऱ्या या माणसापुढे आपला तक्ता अगदीच सज्जन म्हणायचा. तो निदान अर्धा तास वाढवून तरी सांगतो.

आणि आता इंदापूरचा विमानतळ. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे फुगत भिगवणपर्यंत आलं. पळसदेवचं जुनं देऊळ त्यात बुडालं, ते पाणी खाली गेलं की वर दिसतं. कुंभारगावच्या काठाला त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, मराठीत ज्यांना रोहित म्हणतात ते. मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. बारामतीच्या धावपट्टीपासून ही जागा सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर असेल; तक्त्याच्या हिशेबाने पावणेदोन मिनिटं, अधिक तुम्हाला माहीत आहेच. कच्छच्या रणातून निघालेल्या रोहिताला इथवर सरळ आठशेच्या आसपास किलोमीटर पडतात. त्याला हडपसर लागत नाही. त्याला खिडकीवर बॅग द्यायची नाही. पंख हेच त्याचं सामान, आणि रेषा सरळच्या सरळ. सगळ्या जगात तक्त्याप्रमाणे प्रवास करणारा कोणी असेल तर तो हाच, असं वाटून मी माझा मुद्दा जवळजवळ सोडला होता.

पण रोहित कुंभारगावला कधी पोचतो, हे कच्छपासूनच्या अंतरावर ठरत नाही. तो चिखलातलं बारीकसारीक वेचून खातो, आणि त्यासाठी पाणी गुडघाभर लागतं, त्याच्या गुडघ्याइतकं. पावसाळा जोरात झाला आणि उजनी काठोकाठ भरलेलं राहिलं, तर काठचा चिखल पाण्याखाली असतो, आणि त्या वर्षी पाहुणे उशिरा येतात. पाणी कधी उतरणार हे धरणातून कालव्याला आणि नदीला आवर्तन कधी सुटतं यावर. आवर्तन कधी सुटतं हे बैठकीवर. आणि बैठक कधी होते हे कोणालाच माहीत नसतं. म्हणजे ज्याला रस्ता लागत नाही, तिकीट लागत नाही, त्याच्याही प्रवासाचा वेळ अखेर पाटबंधारे खात्याच्या हातात. तोपर्यंत तो दुसऱ्या कुठल्यातरी पाणथळीवर एका पायावर उभा. त्याच्याही घरच्यांनी एक तास हातात ठेवायला सांगितला असणार.

एकदा पाणी उतरलं की मात्र कुंभारगावचे मच्छीमार पहाटे होड्या काढतात. पर्यटकांना घेऊन बऱ्याच अंतरावर थांबतात, इंजिन बंद करतात. कोणीतरी विचारतं, अजून किती लांब? होडीवाला वल्हं आडवं धरून म्हणतो, हे काय, इथंच. पुढे थव्यातला एक रोहित मान लांब करतो, पाण्यावरून दहा-बारा पावलं चपचप पळतो, पाय मागे सरळ होतात, पंखांखालचा गुलाबी-काळा रंग उघडतो, आणि मागोमाग आख्खा थवा उठतो. वर जाऊन एक मोठी फेरी घेतो. मग पन्नासेक पावलांवर, त्याच पाण्यात, पुन्हा उतरतो.